बंदर सुरक्षित आहे

ज्याच्या आवाजावर विश्वास ठेवून तुमच्या घरातला माणूस युद्धात थांबला आणि परत आलाच नाही, त्याला तुम्ही दारात उभं कराल?

चिपळूण सोडलं तेव्हा मी म्हटलं असतं, कधीच नाही. बाबा आयुष्यभर चळवळीची पत्रकं छापत आले. त्यांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. निघताना आईने माझ्या बॅगेतला पत्रकांचा गठ्ठा काढून तिथे कोकमं कोंबली. "तिकडे जीभ आवर," म्हणाली. बाबा एवढंच म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलं नाहीस त्याखाली नाव घालू नकोस."

आता मी आखातातल्या एका छोट्या देशात, हूरा नावाच्या वस्तीत राहते, जवळच्या अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात जाहिराती लिहिते. दर शुक्रवारी मात्र इब्राहिमचाचांबरोबर मआमीरच्या कारखान्यांच्या वस्तीत जाते, कामगारांना त्यांची कंत्राटं वाचून दाखवायला. कागदावर एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. अरबी चाचा वाचतात, इंग्रजी मी. दोन्ही जुळल्याशिवाय ते सही करू देत नाहीत. आणि वाचण्याआधी प्रत्येकाला सांगतात, "मी रेडिओवर खोटं वाचलेला माणूस आहे. माझ्या एकट्याच्या भरवशावर राहू नकोस."

"चाचा, शिफ्ट आहे हो माझी," माणगावचा एक वेल्डर परवा वैतागला. "स्थळ बघायला आल्यासारखं सगळं आधी काय सांगत बसता?"

"स्थळ बघताना खरं सांगतं का रे कोणी? ऐक गपचूप."

चाचा रत्नागिरीच्या एका साप्ताहिकाचे बातमीदार होते. तरुणपणी आखातातल्याच दुसऱ्या एका देशात गेले. तिथे हुकूमशहा होता, त्याचं युद्ध होतं, आणि सरकारी रेडिओवर हिंदी बातम्या वाचायची नोकरी होती. एके दिवशी हातात कागद आला: बंदर सुरक्षित आहे, परदेशी कामगारांनी जागा सोडू नये. खिडकीतून बंदरावरचा धूर दिसत होता. तरी त्यांनी वाचलं. संध्याकाळी बाजारात राजापूरकडचा एक क्रेनवाला भेटला, डाव्या गालावर भाजल्याची खूण असलेला. "जाणं रद्द केलं साहेब. म्हटलं, आपला माणूस सांगतोय." दोन दिवसांनी बंदरावर बॉम्ब पडले. तो पुन्हा दिसला नाही. चाचांना त्याचं नावही माहीत नाही.

"मग नोकरी सोडलीत?" मी विचारलं.

"नाही. अजून दोन वर्षं वाचत होतो. हे पण लिही."

पत्रकांत मी शूर माणसं पुष्कळ वाचली. दर शुक्रवारी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारा हा पहिलाच पाहिला. त्यांना माफ करणं माझ्या हातात नाही. पण मला कधी चुकायची वेळ आली, तर चुकीनंतर यांच्यासारखं जगता यावं.

घर म्हणजे आपली माणसं, असं मी इथे येताना समजत होते. आता वाटतं, जिथे कोणी आपल्याला जाब विचारू शकतं ते घर. चाचांचा व्हिसा यंदा संपतोय. त्यांना स्वतःच्या गावी जाण्याआधी राजापूरला जायचंय, पण कोणाच्या दारात?

राजापूर-लांज्याच्या वाचकांनो, आज जेवताना घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा: आखातातल्या बंदरावर क्रेन चालवणारा, डाव्या गालावर भाजल्याची खूण असलेला, युद्धातून न परतलेला कोणी आपल्यात होता का? असेल, तर त्याचं नाव मला कळवा. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.