गुरुवारचं पंचामृत आणि जनावरांच्या मॅडम

मागच्या महिन्यातला शनिवार. देवपूजा आटोपून मी तांदूळ निवडत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या आक्कांच्या गोठ्यासमोर जीप थांबली... हातकणंगल्याजवळचं आमचं लहान गाव, जीप आली की माणसं जमतातच. मीही गेले.

आक्कांची म्हैस गुरुवारच्या संध्याकाळपासून वैरणीला तोंड लावत नव्हती. लाळ गळत होती, ओरडून ओरडून आवाज बसला होता. घशात काही अडकलंय म्हणून आक्कांनी तोंडात हात घालूनही बघितलं होतं.

जीपमधून तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम उतरल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या. वाटलं, इंजेक्शन देतील आणि जातील... पण त्यांनी लांबूनच म्हैस न्याहाळली आणि आधी सगळ्यांना मागं सरकवलं. मग आक्कांना विचारलं, हिला कधी कुत्रं चावलं होतं का. आक्का म्हणाल्या, महिन्यामागं चावलं होतं, हळद लावली की.

रेबीजचा संशय होता. मॅडमनी उभ्या उभ्या फोन लावले. डेअरीला, आरोग्य केंद्राला, सरपंचांना... कुणी काय करायचं ते पंधरा मिनिटांत ठरलं. वयानं मोठी माणसं मुकाट्यानं ऐकत होती, आणि मॅडमचा आवाज एकदाही चढला नाही.

मग त्यांनी विचारलं, उकळलेल्या दुधाची भीती नाही, पण हिचं कच्चं दूध कुणी प्यायलंय का?

"कच्चं कोण पितंय ओ मॅडम, आमच्यात न्हाय तसलं," आक्का म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा.

आणि पुढच्याच क्षणी मला गुरुवारची पूजा आठवली...

दर गुरुवारी माझ्याकडे दत्तगुरूंची पूजा असते. पंचामृताला दूध आक्कांकडचंच, आणि देवाला निरसंच, न तापवलेलंच लागतं. त्यात माझा स्वभाव असा की काही वाया गेलेलं बघवत नाही... त्या गुरुवारी पंचामृत जास्त झालं, म्हणून पळीभर द्यायचं ते वाटी वाटी दिलं होतं. अकरा जणांना. त्यात तीन लहान मुलं.

बोलावं तर देवाच्या तीर्थावर ठपका. गल्ली मला काय म्हणेल... न बोलावं तर ती तीन मुलं डोळ्यांसमोरून हलेनात. दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. कच्च्या दुधातून धोका कमीच असतो, पण इथं जुगार खेळायचा नाही, एवढंच म्हणाल्या आणि माझ्यासोबत घरोघरी निघाल्या. लस घ्यायला सगळे तयार झाले, कोपऱ्यावरच्या आजी मात्र जागच्या हलेनात.

"तीर्थानं कुणाला रोग झालाय व्हय? काय बी बोलतीस पोरी."

मॅडम त्यांच्या उंबऱ्यापाशी खाली बसल्या.

"आजी, देवानंच काकूंच्या तोंडून वदवलं की. न्हायतर मला कळलं असतं व्हय? उठा, मी बी येतो संगट."

आजी उठल्या... काठी घेऊन पुढंच चालायला लागल्या. दिवस मावळायच्या आत आक्का, मी आणि ती अकरा माणसं, सगळ्यांना लस मिळाली.

म्हैस रविवारी गेली. तपासणीत रेबीजच निघाला. आक्का पोटचं लेकरू गेल्यासारख्या रडल्या, पण आज त्यांच्यासकट सगळ्यांचे डोस पूर्ण झालेत.

मी दहावी शिकलेली बाई. देशाची राखण म्हटलं की मला सरहद्दच दिसायची... गोठ्यातून, दुधाच्या किटलीतून घरात शिरणारं संकट दारातच ओळखणारं माणूसही तीच राखण करत असतं, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

काल ती तीन पोरं माझ्या अंगणात लंगडी खेळत होती. इतका गोंगाट... आणि मला त्यांना गप्प बसा म्हणवेना.