शिळं पाणी

"पाणी आहे ना?" लॅबमध्ये पाऊल टाकताच काका हेच विचारायचे. गुड मॉर्निंग त्यानंतर. मग प्रत्येक टबात बोट बुडवून खात्री करायची, नवसाच्या पोराचा ताप बघावा तशी.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं ते एक जुनं बंदराचं बेट. आसपास बुडालेल्या जहाजांमधलं सामान वर काढलं की आमच्याकडे यायचं. ते टबातल्या पाण्यात ठेवून टिकवणं हे वेंगुर्ल्याच्या या काकांचं काम. मी लग्न होऊन नुकतीच आले होते आणि त्यांच्या हाताखाली अर्धवेळ काम करत होते. लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच.

एकदा एक फळी आली. एका टोकाला खोबण, त्यात गंजाचा गोळा. लॅबचे साहेब म्हणाले, बूट खरवडायची असेल. काका सरळ जमिनीवर बसले, एक गुडघा वर घेतला आणि हातात नसलेला नारळ खवून दाखवला.

"बूट स्क्रेपर म्हणे, डोंबल. खवणी आहे ही. म्हणजे या जहाजावर आपल्याकडचे खलाशी होते. रेकॉर्डमध्ये त्यांचा पत्ताच नाही गं."

मंगळवारी तज्ज्ञ येणार होते. त्यांना पटलं तर तशी नोंद होणार होती. काका आठवडाभर हवेत होते.

शुक्रवारी काका घरी गेल्यावर मी साफसफाई काढली. पाहुणे येणार आणि शिळं पाणी ठेवायचं? आमच्या आईने जन्मात ठेवलं नाही. टब ओतला, घासून पालथा घातला. फळी हीटरजवळ कागदावर ठेवली. टब निथळला की ताजं पाणी भरू म्हटलं आणि तशीच घरी गेले.

सोमवारी फळीच्या चिरफळ्या झालेल्या. समुद्राने इतकी वर्षं सांभाळलेलं लाकूड मी दोन दिवसांत संपवलं होतं.

"काका, पाणी शिळं होतं म्हणून..."

त्यांनी चिरफळ्या एकेक करून कागदावर गोळा केल्या. मग म्हणाले, "तू आज घरी जा. कोणाला काही सांगू नकोस."

तज्ज्ञ आले, खांदे उडवून गेले. महिन्याभरात काका नोकरी सोडून श्रूजबरी गावात मुलीकडे राहायला गेले. कंटाळा आला म्हणाले. मी भाबडी, मला ते खरं वाटलं.

दोन वर्षांनी काका वारल्याचा फोन आला. राहवेना म्हणून मी लॅबमधली त्यांची जुनी नोंदवही काढली. त्या शुक्रवारच्या पानावर त्यांच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: टब मी रिकामा केला, भरायला विसरलो. बाजूला साहेबांचा शेरा: यांना कामावरून कमी करावं.

एवढं माझं पाप, आणि मी त्यांना निरोपाला चिवड्याचा डबा दिला होता.

वस्तूच्या नावापुढे साहेबांनी 'अनोळखी फळी' असं लिहिलं होतं. त्याखाली काकांनी बारीक देवनागरीत एकच शब्द लिहून ठेवला होता: खवणी.

त्या इमारतीत तो वाचता येणारी आता मी एकटीच होते.