मोजणाऱ्याचं माप

नागपूरच्या एका फार्मसी कॉलेजात चंद्रभान प्रयोगशाळा सहायक होता. १९७७ साली त्याच्याकडे असं काम आलं, की तो चहाच्या टपरीवरही पांढरा कोट घालूनच जाऊ लागला. फिट येणाऱ्या रोग्यांच्या रक्तात गोळीचं औषध किती उतरतं ते मोजायचं आणि त्यावरून डॉक्टरांनी डोस ठरवायचा, हा मधुकरराव सरांच्या संशोधनाचा विषय. मोजणारा चंद्रभान.

"डॉक्टर नुसती नाडी पाहतात. कोण खरं बोलतो ते मी पाहतो," तो बायकोला सांगे.

"मंग भाजीतलं मीठबी सांगत जा," लतिका म्हणे. रोज आळणी खाऊनही त्याला ते कधी कळलं नव्हतं.

रक्ताचा वरचा पिवळसर भाग इथर नावाच्या द्रवात घुसळला की औषध इथरमध्ये जाई. इथर हलकं, वर तरंगे. तो वरचा थर घेऊन मशीनच्या उजेडात मोजायचा, खालचा बेसिनमध्ये ओतायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि इथर बाटलीतूनच उडून जायला लागलं. "आता क्लोरोफॉर्म वापर," सर जाता जाता म्हणाले. "हो सर," चंद्रभान म्हणाला, जणू जन्मभर तेच वापरत आला होता.

त्यानंतर ज्याचं रक्त तपासावं त्याच्यात औषध नाहीच. चंद्रभानने निदान केलं: माणसं खोटारडी आहेत. प्रत्येक कागदावर तो लिहू लागला, 'रुग्ण गोळ्या घेत नाही.'

कामठीची बायजाबाई यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिला आठवड्याला एक फिट येई. रक्त द्यायला आली तेव्हा चंद्रभानने तिला चांगलंच फैलावर घेतलं.

"मी दोन्ही टाइम गोळ्या खाऊन राहिली ना साहेब! खोटं काहून बोलू?"

"मशीन खोटं बोलत नाही, बाई."

"मंग तुमीच खाऊन पाहा गा!"

हे त्याला झोंबलं. तिला खोटं पाडायला त्याने सरांना न विचारताच चार दिवस गोळ्या गिळल्या आणि पाचव्या दिवशी स्वतःचं रक्त तपासलं. औषध नाही! 'रुग्ण गोळ्या घेत नाही' असं लिहायला पेन उचललं आणि थबकला. मग त्याने उपकरण पुसलं, नवा बल्ब लावला, काचा बदलल्या. शेवटी हताश होऊन समोरच्या नळीकडे बघत बसला, तेव्हा दिसलं. क्लोरोफॉर्म जड. तळाशी बसलेलं. दीड महिना तो वरचं पाणी मोजत होता आणि औषध बेसिनमध्ये ओतत होता. नवं द्रव्य आल्यावर आधी माहीत असलेल्या मापाचं औषध घालून पद्धत तपासायची असते. ते त्याने केलं नव्हतं, कारण त्याला सगळं येत होतं.

सरांसमोर उभं राहताना कोट अंगाला चिकटला होता.

"किती रोगी?" सरांनी विचारलं.

"एकोणीस."

"एकोणीस माणसांना आपण खोटं ठरवलं."

"आपण नाही सर. मी."

सर पुढे एवढंच म्हणाले, की सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं आणि प्रत्येकाला तू स्वतः सांग.

बायजाबाईच्या रक्तात औषध होतं, पण हवं त्याहून थोडं कमी. डॉक्टरांनी डोस जरासा वाढवला. नव्या डोसचा निरोप घेऊन चंद्रभान बसने कामठीला गेला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मले काय सांगता? माह्या मालकाले सांगा. दीड महिना झाला, तुमच्या त्या कागदापायी थो रोज मले समोर बसवून गोळी गिळवते अन् तोंड उघडून पाहाते."

नवरा, ताराचंद, आत मागावर होता. मागांच्या खडखडाटात त्याला काही ऐकू येईना. चंद्रभान दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा घशाच्या शिरा ताणून ओरडला, "चूक माझी होती! बाई खरं बोलत होत्या!" आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळे माग थांबले. अख्ख्या गल्लीने ऐकलं.

ताराचंद खाली मान घालून बायकोकडे गेला. तिच्या हातातली कांड्यांची टोपली त्याने घेतली. दिवाळीपर्यंत बायजाबाईला एकच फिट आली. हे सांगताना चंद्रभान आजही आकडा दोनदा तपासून सांगतो.