कावेरी रिंगणात चढली

खारेपाटणच्या बाजारपेठेत जयराम शेट्ये याचं कापडाचं दुकान होतं. मुंबईचं वर्तमानपत्र तिथे सर्व्हिस मोटारीने दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं. ते आलं की जयराम चष्मा पुसायचा, खेळाचं पान उलगडायचा आणि पायरीवर जमलेल्या चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवायचा. मुष्टियुद्धाची बातमी असली तर बघायलाच नको. कोणी कोणाला कितव्या फेरीत लोळवलं, कोणाचा जबडा मोडला, हे तो असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दोरीला टेकून बसला होता. खरं म्हणजे त्याने आयुष्यात एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. मोठा सामना झाला की आठवडाभर अंगात वारं, मग दोन-दोन महिने त्या खेळाची आठवणही नाही. तरी पंचक्रोशीत त्या विषयातला जाणकार म्हणून त्याचंच नाव होतं.

जेवताना तीच कथा तो बायकोला, कावेरीला, ऐकवायचा. कावेरी मुंबईची. माझगावात वाढलेली, लग्न होऊन खारेपाटणला आली त्याला बारा वर्षं झाली होती. ती ऐकून घ्यायची. कधी आमटी वाढता वाढता तिचा हात थांबायचा, काही बोलेलसं वाटायचं, आणि मग "भात वाढू?" एवढंच विचारायची. बायकांना ह्यातलं काय कळणार, असं जयरामला वाटायचं आणि तो पुढे सांगत राहायचा.

१९५९च्या जानेवारीत गावातल्या मंडळींनी खेळांचा सोहळा ठरवला. जयरामने आग्रह धरला की मुष्टियुद्धही हवं. तळेऱ्याचा गुरुदास मुंबईच्या गोदीत कामाला होता आणि तिथे हौसेने बॉक्सिंग खेळायचा. सुट्टीत तो घरी आला होता, त्याच्याबरोबर गोदीतलाच गणपत नावाचा त्याचा जोडीदार. दोघे तयार झाले. नदीकाठच्या मैदानात चार वासे रोवले, गलबतावरचे दोर आणून रिंगण बांधलं. पंच म्हणून शाळेत कवायत शिकवणारे हरिश्चंद्र मास्तर उभे राहिले. त्यांना शिट्टी वाजवायची एवढं माहीत होतं. धावतं वर्णन करायला कर्ण्याचा माईक अर्थातच जयरामच्या हातात.

दुपारी तीनला मैदान भरून गेलं. अर्ध्यांहून जास्त लोकांनी ह्यापूर्वी बॉक्सिंगचं नावही ऐकलं नव्हतं. पहिल्या फेरीत लोक हसत होते. दुसऱ्या फेरीत गणपतचा एक ठोसा गुरुदासच्या कानशिलावर बसला, तो मागे कोसळला आणि त्याचं डोकं वाशावर आपटलं. मग गुरुदास उठला, हसला, आणि मैदान ओरडलं, "मार रे! सोडू नको तेका!"

"वाघ आहे वाघ!" जयराम माईकवर गरजला. "आपल्या तळेऱ्याचा वाघ!"

फेरी संपल्याची शिट्टी झाली. गुरुदास चालत गणपतच्या कोपऱ्यात गेला आणि त्याच्याच स्टुलावर बसला. लोक खदखदून हसले. जयरामही हसला, त्याचं हसू कर्ण्यातून नदीपलीकडे गेलं. गणपतने जोडीदाराला हाताला धरून त्याच्या जागी नेऊन बसवलं. तिथे गुरुदासचा चुलतभाऊ बाळा टॉवेलने त्याला वारा घालत होता.

बायका एका बाजूला मांडवात बसल्या होत्या. तिथून कोणीतरी उठलं. जयरामने आधी लक्ष दिलं नाही. तिसरी फेरी सुरू झाली, गुरुदास पुढे आला, पण त्याचा डावा पाय मातीत फरफटत होता. तेवढ्यात पुरुषांच्या गर्दीतून हिरवं लुगडं वाट काढताना दिसलं. माणसं बाजूला सरत होती, कारण ती अंगावरच येत होती. तिने बाळाच्या हातातला टॉवेल हिसकावला आणि सरळ रिंगणात फेकला.

हरिश्चंद्र मास्तरांनी तो पायाने बाहेर सारला. टॉवेल आत पडला की झुंज थांबवायची, हे त्यांना माहीत नव्हतं; कोणाचं तरी फडकं उडून आलं, असं त्यांना वाटलं असावं.

मग त्या बाईने पदर खोचला, दोर वर उचलला आणि ती आत शिरली.

"कावेरी!"

हाक माईकमध्येच गेली. अख्ख्या खारेपाटणने ती ऐकली. हातातून माईक निसटू लागला तरी जयरामला कळलं नाही. आपली बायको, बारा वर्षांत बाजारातून कधी एकटी न चाललेली, दोन उघड्याबंब गड्यांच्या मधोमध उभी होती आणि गणपतच्या छातीवर तळहात ठेवून त्याला म्हणत होती, "बास. हात खाली." गणपतने हात खाली केले.

"मास्तर, थांबवा!" ती ओरडली. "ह्येच्या डोक्याक मार बसलोहा. गाडी बघा कोणतरी!"

"वैनी, खेळ ऐन रंगात इलोहा…" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. एक-दोघांनी शिट्ट्याही मारल्या.

गुरुदासने तिच्याकडे पाहिलं. "आये, माका झोप येता," तो म्हणाला. आणि मुळावरून तोडलेल्या केळीसारखा तो तिच्या अंगावर कलला. त्याला ओकारी झाली. तिने त्याला एका कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या एका डोळ्याची बाहुली बारीक होती, दुसऱ्याची वाटाण्याएवढी. शिट्ट्या बंद झाल्या.

जांभ्या दगडाचे चिरे वाहणारा एक ट्रक रस्त्यावर उभा होता. त्यातच गवत टाकून गुरुदासला निजवलं. तळेऱ्यावरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर. बाळा आणि गणपत सोबत गेले. जयराम मैदानातून घरी कसा आला, कोणाशी काय बोलला, हे त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

घरी त्याची आई हौसाबाई ओसरीवर कपाळाला हात लावून बसली होती. "गावासमोर सून गड्यांच्यात चढली! आता तोंड खंय दाखवू?" कावेरी विहिरीवर लुगडं धूत होती. जयराम तिच्यापाशी गेला. रागवायचं ठरवूनच गेला होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुका कसा कळला गो?"

कावेरीने लुगडं पिळलं. "माझो बापूस क्लबाचो रखवालदार होतो, ह्या तुमका म्हायत आसा."

"होय. पत्ते खेळूचो क्लब."

"पत्ते तुमी म्हटलात. मी कधी म्हटलंय? थंय बॉक्सिंग चलायचा. आमची खोली रिंगणाच्या मागे. एक खिडकी, ती रिंगणातच उघडायची. सात वर्सांची असल्यापासून दर रविवारी मी त्या खिडकीत. कोण डाव्यान खेळता, कोणाचो दम चवथ्या फेरीत सुटता, सगळा तोंडपाठ."

जयराम दगडावर बसला. बारा वर्षं त्याने हिला जेवताना शिकवणी दिली होती. कितीदा फेऱ्या चुकवल्या असतील, नावं उलटीपालटी केली असतील.

"मगे तू बोललंस कशाक नाय?"

"तुमी विचारलात खंय?"

तिने लुगडं झटकून दोरीवर टाकलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "शिवा म्हणान एक होतो, बावीस वर्सांचो. मार खावन उठलो, हसलो, चुकीच्या कोपऱ्यात गेलो. लोक हसले, मीय हसलंय. झुंज जिंकलो. मगे आमच्या खोलीत इलो नि म्हणालो, माका झोप येता. चटई मी घातलंय. चादर मी घातलंय. तो उठलोच नाय."



"आणि तरी," कावेरी म्हणाली, "फुडच्या रविवारी मी परत खिडकीत होतंय. आवशीन माका मारल्यान. तरी गेलंय."

चौथ्या दिवशी बाळाची तार आली. गुरुदासची कवटी उघडून साकळलेलं रक्त काढलं होतं. आणखी एक फेरी झाली असती तर हा हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. गुरुदास जगला. डाव्या हाताची पकड मात्र गेली. गोदी सुटली, तळेऱ्याच्या तिठ्यावर तो पानाची गादी चालवू लागला. दर गणपतीला नारळ घेऊन तो कावेरीकडे यायचा, फारसं न बोलता बसून जायचा.

गावाने मात्र तिला सहज सोडलं नाही. ऐन रंगात आलेला खेळ बाईने मोडला, हे पुढे वर्षभर लोक बोलत होते. मग कबड्डीचं वेड आलं आणि बॉक्सिंगचा विषयच संपला. दुकानाच्या पायरीवरही कोणी त्याबद्दल विचारीना. हौसाबाईने सहा महिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही.

१९६४ साली जयराम मालाच्या खरेदीला मुंबईला निघाला तेव्हा कावेरी म्हणाली, "मीय येतंय. माका एक सामनो दाखवा."

दोघे तिसऱ्या रांगेत बसले. आजूबाजूला सगळे पुरुष. त्यांनी वळून पाहिलं, कावेरीने पाहिलं नाही. पहिलाच ठोसा बसला आणि जयराम जागच्या जागी दचकला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा तो आवाज होता, आणि त्यामागून माणसाच्या पोटातून निघालेला हुंकार. वर्तमानपत्रात हा आवाज कधी नव्हता. वीस वर्षं आपण काय मिटक्या मारीत वाचत होतो, हे त्याला त्या एका आवाजात कळलं. त्याने डोळे मिटून घेतले.

कावेरी पुढे वाकून बसली होती. तिचे ओठ हलत होते, बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

"उघडा डोळे," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "उजव्या हाताक भुलू नका. डावो बघा."

जयरामने डोळे उघडले आणि डावा हात बघू लागला.