सरूमावशीचे शेवट

सरूमावशीविषयी लिहायचे मी आजवर टाळले. चाळीतल्या इतर माणसांवर मी कधीमधी लिहिले, चार लोकांत त्यांच्या गोष्टीही सांगितल्या. तिचे नाव निघाले की मात्र 'आमच्या शेजारी राहायची, कादंबऱ्या फार वाचायची' एवढे बोलून विषय बदलत आलो. त्यात खोटे काही नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे खोटे बोलणेच. आता माझी ऐंशी उलटून गेली आहे आणि तिला ओळखणारे दुसरे कोणी उरलेले नाही. म्हणून जे झाले ते लिहून ठेवतो.

बोरिवली पूर्वेला आमची बैठी चाळ होती. मागे शेते होती आणि त्यापलीकडे डोंगर. त्या काळी बोरिवलीला राहतो म्हटले की गिरगावातले नातेवाईक गावाला राहायला गेल्यासारखे बघायचे. दुपारची जेवणे झाली की चाळीतल्या बायका ओट्यावर बसून रद्दीच्या कागदाच्या पिशव्या चिकटवायच्या. मध्ये खळीचे पातेले आणि भोवती पाच-सहाजणी. सरूमावशी खांबाला टेकून त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. वाचणारीचे हात पुस्तकात अडकलेले, म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्या ढिगातल्या मूठभर पिशव्या मावशीच्या ढिगावर टाकायची. हे कोणी ठरवले नव्हते आणि कधी कोणी चुकवलेही नाही. मावशी एकटी होती. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. मूलबाळ नाही. तिची चूल त्या मूठमूठ पिशव्यांवर चालायची.

पुस्तके आणायचे काम माझे होते. मी गोरेगावच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासायचो. येताना स्टेशनजवळच्या वाचनालयातून कादंबऱ्या घेऊन यायचो. मावशीची मागणी ठरलेली असे, "एक रडायची आण, एक घाबरायची आण, आणि एक संसाराची." आधी मी वाचायचो, मग तिला द्यायचो. परत करताना तिचे मत ऐकावे लागे. नायिकेला क्षय झाला की ती म्हणायची, "हिचं लग्न लावायची छाती नाही लेखकाला, म्हणून खोकला दिलाय." बंगल्यात पेटी वाजवत बसणाऱ्या नायकाबद्दल तिची एकच शंका असे, "ह्याच्याकडे केर कोण काढतो ते कुठेच लिहिलेलं नाही." खुनाच्या कादंबऱ्या तिला फार आवडायच्या, पण त्यांच्यावर राग होता. "शेवटी नोकरालाच पकडतात बघ. बंगल्यात राहणारा कधी खून करत नाय काय रे?" आणि सगळ्याच लेखकांवर तिचा एक ठपका होता, की ते शेवटच्या दहा पानांत दगा देतात. "तोपर्यंत बरा चालतो. घर दिसायला लागलं की बैल उधळतो तसा उधळतो."

ऐकणाऱ्यांत एक हिराबाई होती. गोराईहून होडीने मासळी घेऊन यायची, विकून झाली की रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर बसायची. तिला होडीची घाई. "मार गो त्याला लवकर," ती म्हणायची, "नायतर माझी होडी जाईल आन् ह्यो मेला जिताच राहील." मग मावशी तिच्यापुरता खुनी आधी सांगून टाकायची आणि बाकीच्या बायका दोघींनाही शिव्या घालायच्या.

मावशीची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. शेवट जवळ आला की ती चष्मा काढायची. पदराने डोळे पुसायची, चष्मा मांडीवर ठेवायची आणि पुढचे तशीच वाचायची. बायका म्हणायच्या, मावशीचा जीव फार कोवळा, डोळे भरून येतात तिचे. मला हे ऐकून ठाऊक होते. दुपारी मी कधी घरी नसायचो.

एका वर्षी मला कावीळ झाली आणि महिनाभर मी आतल्या खोलीत पडून राहिलो. दारातून ओटा दिसायचा. खुनाची एक कादंबरी चालू होती, मी वाचलेली. मावशीने चष्मा काढला आणि पोलिसांनी बंगल्याच्या मालकाला बेड्या घातल्या. मी उठून बसलो. पुस्तकात माळी पकडला जातो, आणि हिराबाईचा संशयही पहिल्यापासून माळ्यावरच होता. आधी वाटले, माझ्याच डोक्यात ताप आहे. पण त्या आठवड्यात क्षयाची एक मुलगीही बरी होऊन शाळेत शिकवायला लागली. मग लक्षात आले, की चष्म्याशिवाय मावशीला तांदळातला खडा दिसत नाही, ती छापील अक्षर कुठून वाचणार?

संध्याकाळी ती माझ्यासाठी मुळ्याचा रस घेऊन आली तेव्हा मी विचारले. मला वाटले होते लाजेल. ती म्हणाली, "मग? तू छापखान्यात चुका काढतोस ना? मी पण काढते."

मी म्हटले, माझ्या चुका अक्षरांच्या असतात. छापले तसे वाचायचे, आपल्या मनचे घालायचे नाही, हे तर आमच्या धंद्यातले पहिले शिक्षण.

"तुमका पगार देतत," ती म्हणाली. "माका नाय देयत."

तेव्हा एक संसाराची कादंबरी संपत आली होती. ती तिने कशी संपवली हे सांगण्याआधी माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवे. कुंदा माझी धाकटी बहीण. लग्न करून घाटकोपरला गेली आणि तीन वर्षांत परत आली. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली होती, आणि ते घरात सर्वांना चालत होते. कुंदा परत आली तेव्हा दोन महिने कुणाशी बोलली नाही. तिला हाताला धरून ओट्यावर नेले ते मावशीने. पिशव्या चिकटवता चिकटवता ती ऐकू लागली, मग हसू लागली, मग खुनी ओळखण्यात हिराबाईशी पैजा लावू लागली.

त्या कादंबरीत नवरा बायकोला टाकून जातो. पुष्कळ वर्षांनी थकून, आजारी होऊन दारात येतो. छापलेला शेवट असा, की ती त्याचे पाय आसवांनी धुते आणि पुन्हा ठसठशीत कुंकू लावते. मावशीने चष्मा काढला. तिच्या कादंबरीतली बायको नवऱ्याला पाण्याचा तांब्या देते, म्हणते, "पाणी घ्या. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे," आणि आपल्या कामाला निघून जाते. मी आतून कुंदाकडे बघत होतो. तिच्या हातातली पिशवी तशीच उघडी राहिली होती.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी मावशीला गाठले. म्हटले, हे बरे नाही, कुंदाच्या मनात नाही नाही ते भरेल. मावशीने दार लोटून घेतले. तिने जे सांगितले ते चाळीत कुणालाच ठाऊक नव्हते. तिच्या नवऱ्यानेही मुंबईत दुसरे घर केले होते. गावाहून ती आली, बघून माघारी गेली. मग भावांनी समजूत घातली, पुराणातले दाखले दिले, आणि तिला परत नवऱ्याकडे आणून सोडले. त्या बाईचे बाळंतपण तिने केले.

"मी गेलेय परत," ती म्हणाली. "पाय धुतले त्याच्या पुढचं पान माका पाठ आसा. त्या लेखकाक नाय." मग माझा हात धरला. "हे कोणाला सांगू नको. शेवटाचंही नको आणि माझंही नको. शपथ घे." मी घेतली.

पुढच्या वर्षी माझे लग्न ठरत होते. मुलगी दादरची, माणसे चांगली. पण मुलीच्या वडिलांनी दोनदा विचारले, की बहीण माहेरी कायमची राहणार का. त्यांना नकार द्यायचा नव्हता, उत्तर हवे होते. नेमक्या त्याच दिवसांत कुंदाचा नवरा त्याच्या काकांना घेऊन तिला न्यायला आला. बोलणी नीट चालली होती. आईने पोहे केले होते. कुंदा तांब्या घेऊन बाहेर आली, नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पाणी घ्या. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे."

काका उठले. जावई पोहे तसेच टाकून गेला. आई रडत बसली. मला कुंदाचा राग आला नाही, मावशीचा आला. माझे लग्न, घराची अब्रू, सगळे एका बाईने मनाने रचलेल्या वाक्यापायी बुडते आहे, असे वाटले. मी तसाच वाचनालयात गेलो, ती कादंबरी शोधून आणली, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात रजा टाकून दुपारी ओट्यावर आलो.

मी काही वाचले नाही. पुस्तक उघडून कुंदाच्या हातात दिले, ओळीवर बोट ठेवले आणि म्हटले, "तूच वाच." कुंदा चौथी शिकलेली. एकेक शब्द जुळवत तिने ते मोठ्याने वाचले. पाय, आसवे, कुंकू, सगळे. हिराबाई पाटीवरून उठून उभी राहिली.

कुंदाने मावशीकडे बघितले. "मावशी, हे असं आहे?"

"छापलंय ते तसंच आहे," मावशी म्हणाली.

"मग तू आम्हाला काय वाचून दाखवत होतीस? आम्हाला येडं समजलीस?"

मावशीने उत्तर दिले नाही. तिला देता आले असते. 'मी गेलेय परत' एवढे तीन शब्द पुरले असते. पण पाच-सहा बायकांसमोर ते तिच्या तोंडून निघेना. तिने माझ्याकडे बघितले. तेव्हा मला वाटले, उरलेलेही मी सांगेन की काय याची तिला भीती वाटते. आज वाटते, मी ते सांगावे म्हणून ती बघत होती. मी गप्प राहिलो, आणि शपथेचा तो भाग पाळला याचे मनातल्या मनात समाधानही मानले. पाळायची ती शपथ मोडली आणि मोडायची ती पाळली.

हिराबाई जाताना एवढेच म्हणाली, "म्हंजे माळ्यानंच मारला व्हता?" कुणी हसले नाही.

ओट्यावरचे वाचन त्या दिवशी संपले. बायकांना वाटले, इतकी वर्षे आपल्याला लहान पोरासारखे खेळवले. खोटे बोलली याचा राग कमी होता. आपल्याला छापलेले कळत नाही हे तिने गृहीत धरले, हे त्यांना जास्त झोंबले. मूठमूठ पिशव्या बंद झाल्या. मावशी एकटी आपल्या दारात बसून चिकटवायची. तिचा हात त्या कामावर बसलेला नव्हता. सहा महिन्यांनी मुलुंडला राहणारा तिचा भाचा येऊन तिला घेऊन गेला.

कुंदा त्याआधीच घाटकोपरला गेली होती, आपण होऊन. चांगल्या बायका काय करतात ते तिने आता स्वतःच्या डोळ्यांनी वाचले होते. माझे लग्न झाले. माझा संसार सुखाचा झाला, आणि तेच मला जास्त लागते.

कुंदाला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. सासूचे हगणेमुतणे तिने काढले. दुसरी बाई त्याच घरात होती, तिच्या मुलांचे डबे कुंदा भरायची. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिने सहज विचारावे तसे विचारले, "दादा, त्या पुस्तकात तिनं पाय धुतले, मग पुढे काय झालं रे?" मी म्हटले, पुस्तक तिथेच संपते. ती म्हणाली, "होय ना," आणि निरांजन विझवायला आत गेली.

त्यानंतर मी मुलुंडला गेलो. मावशीने चाळ सोडून बरीच वर्षे लोटली होती. भाच्याच्या गॅलरीत ती खुर्चीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून तिने मला ओळखले, बायकोमुलांची चौकशी केली, आणि हल्लीच्या कादंबऱ्यांत काय चालते ते विचारले. मी सांगितले, की आता नायिका नोकरी करतात. "शेवटपर्यंत करतात, की लग्नापर्यंत?" तिने विचारले. मी हसलो. मला वाटले आता बोलता येईल. बसमध्ये वाक्ये जुळवून ठेवली होती.

तेवढ्यात तीच म्हणाली, "कुंदा कशी आसा?"

मी तोंड उघडले आणि म्हणालो, "सुखात आहे, मावशी. नवरा सुधारला. घर तिच्याच हातात आहे आता."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले. मग म्हणाली, "असं झालं? बरं झालं." आणि भाचेसुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितले. तिला ते खरे वाटले की नाही, मला कळले नाही. चहा पिऊन मी निघालो. पुन्हा जायचे ठरवत राहिलो, आणि ती गेल्याचे मला तेरावे उलटून गेल्यावर समजले.

त्या दिवशी गॅलरीत मला म्हणायचे होते ते असे : मावशी, कुंदा सुखात नाही. तिचं काय होईल ते तू मला दार लोटून सांगितलं होतंस. माझं लग्न अडू नये म्हणून मी तुझा शब्द मोडला, आणि जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. मला माफ कर.