कुबट

शेजाऱ्याने दारातूनच परत केलेली गोधडी मी त्याच्या लेकीच्या अंगावर चोरून घातली होती. नुकतीच साठी उलटली होती माझी. वय झालेलं, अक्कल यायची बाकी.

गोधडी परत आली ती त्याच्या नाकामुळे. पारनेरकडच्या आमच्या गावात चार गाई राखून डेअरीला दूध घालणारा हा माणूस हातात काही आलं की आधी नाकाशी न्यायचा. उशी, दप्तर, पाव. एकदा तर माझ्या स्वयंपाकघरातली भिंत. मग डोळे बारीक करून विचारायचा, "मावशी, कुबट हाय का जरा?" असा हुंगणारा शेजारी मिळाला असता तर तुम्हीही हसला असतात. मी तर त्याची नक्कल करून दाखवायचे.

त्याच्या मुलीला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. नाव प्रथम ऐकलं तेव्हा मला वाटलं, शिस्तीचं काही दुखणं असेल. पोरगी तर मुलखाची बेशिस्त. त्यानेच समजावलं. "छातीतला कफ डिंकावानी घट्ट असतोय, मावशी. त्यात बुरशी बसली की निघता निघत न्हाई. फुप्फुस खराब व्हतंय."

मला बुरशी ठाऊक होती ती लोणच्यावरची. वरचा थर काढला की संपलं. माणसाच्या छातीत ती जाईलच कशी? मी समजल्यासारखी मान हलवली.

गोधडी माझ्या जुन्या लुगड्यांची, पावसाळाभर पेटीत पडलेली. त्याने घडीही न मोडता हुंगली. "हिला ऊन दावा आधी." मला लागलंच ते. एका दुपारी नवराबायको रानात गेले, मुलगी माझ्याकडे झोपली. घातली मी गोधडी.

"आजी, हिला बाबांच्या सदऱ्यासारखा वास येतोय," ती झोपेत पुटपुटली.

"मायेचा वास असतो तो," मी म्हणाले. काय पण वाक्य.

पुढे तिचा खोकला वाढला. अंगणातून ओट्यावर येताना धाप लागायला लागली. पुण्याला नेलं, तर कफात बुरशी निघाली. माझ्या डोक्याचा भुगा झाला. एका दुपारची गोधडी एवढं करेल? की नाही करणार? कुणाला विचारावं, तर आधी केलेलं सांगावं लागणार.

तिला औषध लागू पडतंय, आता घरी सोडतील, असं कळलं. तो गाईंसाठी एक दिवस आधी परतला होता. मी त्याच्याकडे गेले. गोठ्यामागे मुरघासाची पिशवी, म्हणजे मक्याची कुट्टी दाबून ठेवलेला चारा, फोडून बसला होता. कडेचा चारा पांढरा-हिरवा पडलेला. तेवढा तो हाताने बाजूला फेकत होता, मी लोणच्याचा थर फेकते तसाच.

मी सगळं सांगितलं. मायेच्या वासासकट.

त्याने सदऱ्याची बाही नाकाशी नेली. परत नेली. मग हात माझ्यापुढे धरला. मी हुंगलं. आंबूस, आणि त्याखाली माझ्या पेटीसारखं कुबट. मी मान हलवली. या वेळी खरंच समजून.

"कुठनं आली ते सांगता येत न्हाई, म्हनलं डाक्टर," तो म्हणाला. "आन मला माझा वास येत न्हाई, मावशी. उद्या पोरगी येतीय. आजपास्नं मला दारातच आडवायचं, हुंगायचं, मगच आत सोडायचं. तुमी."