ऐंशीला उठणारा माणूस

बोरीवलीत आमच्या सोसायटीजवळच्या फास्ट चार्जरवर एक टॅक्सीवाला रोज सकाळी दिसायचा. पन्नाशीचा, खांद्यावर नॅपकिन. गाडीला वायर लावली की बॉनेटवर हात ठेवून वाढप्यासारखा रांगेकडे बघत उभा राहायचा. बॅटरीचा आकडा ऐंशी टक्के झाला की वायर काढायचा, तिची मूठ नॅपकिनने पुसायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा.

मी मात्र शंभर होईपर्यंत एसी लावून आत बसायचो. माझा नंबर, माझी गाडी. एकदा त्याने काचेवर टकटक केलं आणि मालवणी हेलात म्हणाला,

"साहेब, ऐंशीपर्यंत ती भराभर खाते. पुढे नुसती चिवडत बसते. उठवा आता, मागची पंगत उभी आसा."

राग आला. पण मागे खरंच चार गाड्या होत्या. वायर काढली, आणि तेव्हापासून मीही ऐंशीलाच उठायला लागलो.

गेल्या महिन्यात त्याच्या गाडीचा आकडा त्र्याण्णव झाला तरी तो हलेना. मागे मीच होतो. तो ओशाळून माझ्यापाशी आला.

"आईला गावाला नेतोय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. वाटेत जितकं कमी थांबावं लागेल तितकं बरं."

त्याच्या मागच्या सीटवर एक म्हातारी उशीला टेकून, डोळे मिटून पडली होती. मला ऑफिसला उशीर होत होता. पण पंगतीत बसलेल्या माणसाला जे म्हणतात, तेच माझ्या तोंडून निघालं.

"सावकाश होऊ द्या."